तंत्रज्ञानावर लिहिणं थांबवावं म्हणतेय

बरेच दिवस मनात घोळत होतं, ते आज लिहून टाकते. तंत्रज्ञानावरचं माझं मराठी लेखन आता थांबवावं, असं वाटायला लागलंय. शेवटचा निर्णय दिवाळीपर्यंत घेईन. ज्यांना हे बोलले त्यांनी लगेच विचारलं, "एआयमुळे का?" तसं नाही. फोनमधली सेटिंग कुठे सापडते हे आता यंत्र चांगल्या मराठीत सांगतं, आणि ते सांगू दे की! कारण वेगळं आहे.

मी लिहायला लागले तेव्हा सांगलीत एमएस-सीआयटीचे वर्ग घ्यायचे. २००१ साली हा कोर्स सुरू झाला आणि सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून तलाठी, ग्रामसेवक, शिक्षिका सगळे माउस धरायला शिकत होते. त्यांच्या अडचणी हेच माझ्या सदराचे विषय. सगळ्यात मोठी अडचण आपल्या मराठीचीच. एका कॉम्प्युटरवर शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेला अर्ज दुसरीकडे उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त दिसायला मराठी. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारं युनिकोड आलं, तरी विंडोज एक्सपीवर देवनागरी आपोआप चालत नसे. कंट्रोल पॅनेल, त्यात रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टपुढे टिक. मग मशीन विंडोजची मूळ सीडी मागायचं आणि ती ऑफिसात कुणाकडेच नसायची! त्यावरच्या माझ्या लेखाची झेरॉक्स एका तहसील कचेरीत भिंतीला चिकटवलेली मी स्वतः पाहिली आहे. पुढे मोबाइल आले. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे, आणि चौकोन गेले तेव्हा 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' व्हायला लागला. त्यावरही भरभरून लिहिलं. आजच्या मुलांना यातलं काही माहीतच नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

अमेरिकी पत्रकार वॉल्ट मॉसबर्ग यांनी १९९१ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये सदर सुरू केलं, तेव्हा पहिल्याच वाक्यात वाचकाला सांगितलं होतं की पर्सनल कॉम्प्युटर वापरायला फार अवघड आहेत आणि त्यात तुमची चूक नाही. तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची, ते या एका वाक्यात आलं. मी त्याच वाटेने जायचा प्रयत्न केला. पण आता माझ्याकडे मागणी असते ती 'वीस हजारांच्या आतले पाच फोन' याची. कंपनीची प्रेसनोट येते, त्यातले मेगापिक्सेल आणि बॅटरीचे आकडे उतरवायचे, झाला लेख. असल्या लेखातून वाचकाच्या हाती काय पडतं? मला हे लिहवत नाही.

आणि वाचकाची अडचणच बदलली आहे. भाजीवाल्या मावशी क्यूआर कोडवर पैसे घेतात; वापरायला अवघड असं फारसं राहिलेलं नाही. आता भीती फसवणुकीची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, ओळखीच्याच नंबरवरून. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे ती पत्रिका नसून अ‍ॅप असतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. दाबली की फोन एकदा सावध करतो, माणूस घाईत 'ओके' म्हणतो, मग ते अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं, तीही मिळते. त्यानंतर बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक अगदी असेच फसले. याच विषयावरच्या माझ्या लेखाचं कात्रण त्यांच्या फाइलीत लावलेलं होतं.

त्या कात्रणाने मला फार विचार करायला लावलं. सरांनी लेख वाचला होता, त्यांना तो समजलाही होता. 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही, हेही आता पुष्कळांना वाचून माहीत आहे. पण व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दरडावायला लागला की वाचलेलं आठवत नाही. तिथे हाताला सवय असावी लागते. कॉल कापायची सवय, लगेच मुलीला किंवा शेजाऱ्याला हाक मारायची सवय, पैसे गेलेच तर लाजत न बसता त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायची सवय. ती लेखाने लावता येत नाही. शेजारी बसून, चार वेळा खोटा कॉल लावून, करून घ्यावी लागते. माझी उरलेली उमेद मला तिथे घालायची आहे.

मग मराठीत लिहिणार कोण? ही काळजी मला आहेच. आनंद लाल शिंपी यांनी १९९७ साली, शाळकरी वयात 'आनंदटेक' हे कॉम्प्युटरच्या परीक्षणांचं इंग्रजी संकेतस्थळ सुरू केलं आणि २०१४ साली लिहिणं सोडलं. संपादकपद सहकाऱ्याकडे दिलं, आणि त्यानंतर ते आणखी दहा वर्षं चाललं. सोडावं तर असं, जबाबदारी दुसऱ्याच्या हाती देऊन.

म्हणून विचारते. मराठीत नेमकं लिहिणारं कुणी असेल, प्रेसनोट न उतरवता स्वतः वापरून लिहिणारं, तर इनबॉक्समध्ये या. विषयांची माझी वही देईन, जुने लेख हवे तसे वापरा, संपादकांशी गाठ घालून देईन. बोलून टाईप करताना आपल्या बोलीचं काय होतं, ऑनलाइन सातबाऱ्यातली चूक दुरुस्त कशी करायची, ई-केवायसी करताना बाई नेमकी कशाकशाला संमती देते, यावर धड मराठीत लिहिलेलं फार थोडं आहे.

आणि सांगली, मिरज, कुपवाड भागात तुमचा बचत गट किंवा ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर कळवा. मी येईन. प्रोजेक्टर नको, हारतुरे नकोत. प्रत्येकाने आपापला फोन चार्ज करून आणावा आणि चष्मा विसरू नये.