‘डोळ्यांची फसवणूक’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गाब्रिएल लिपमान या भौतिकशास्त्रज्ञाने काचेच्या प्लेटवर काढलेल्या रंगीत छायाचित्रांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर काल रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही, गाव नाही. गोषवारा असा: लिपमानला मी उगाच डोक्यावर घेतलंय, त्याची पद्धत बाजारात कधी चालली नाही, त्याला दिलेलं 1908 चं नोबेल वाया गेलं, त्याच्या जन्माची माहिती मी चुकीची दिली, आणि त्याचे रंग तंतोतंत नसल्याचं 2021 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी दाखवून दिलंय. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: “प्लेट जरा तिरकी केली की रंग पळतो, असला रंग म्हणजे निव्वळ डोळ्यांची फसवणूक, त्याला फोटो म्हणणं हा अडाणीपणा आहे, पण इकडून तिकडून वाचून लिहिणाऱ्यांकडून दुसरी अपेक्षा काय ठेवणार.”

आधी चूक कबूल करते. लिपमानला मी ‘जन्माने फ्रेंच’ म्हटलं होतं. त्याचा जन्म 1845 साली लक्झेंबर्गमध्ये झाला. शिक्षण पॅरिसमध्ये आणि काही काळ जर्मनीत, पुढची नोकरी आणि संशोधन पॅरिसमध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. हे आपण दाखवून दिलंत, आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. माझी माहिती चुकली तर दोन ओळीत सांगता येतं, वर तशी एक चूक मी मान्य केलीच. पण ‘अडाणीपणा’ हा शब्द माहिती सुधारायला वापरत नाहीत. तो समोरच्याला गप्प करायला वापरतात. लेख आवडला नाही म्हणून मला वाईट वाटलेलं नाही. ज्या गोष्टीत माझं बालपण गेलं, तिच्याबद्दल एका अनोळखी माणसाने मला ‘इकडून तिकडून वाचून लिहिणारी’ म्हणावं, हे लागलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

वडिलांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायचं आणि डार्करूममध्ये जायचं, हा माझा सातवीपासूनचा क्रम. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास माझ्या फ्रॉकला कायम असायचा. ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगवून घ्यायला लोक यायचे, तेव्हा काडीला कापूस गुंडाळून गालावर गुलाबी आणि साडीवर हिरवा रंग मी स्वतः चढवलेला आहे. गिऱ्हाइकाला विचारायचं, “साडी कुठल्या रंगाची होती?” ते सांगतील तो रंग. ‘फोटोतला रंग खरा कशाला म्हणायचं’ हा प्रश्न मला त्या टेबलाशी पडला, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. लिपमानचं नाव कळलं त्याच्या कितीतरी नंतर.

म्हणूनच ‘रंग पळतो’ या दोन शब्दांपुढे मी थांबते, कारण ते अर्धंच खरं आहे.

तुम्ही आजवर पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक रंगीत फोटोत कुठला ना कुठला रंगद्रव्याचा अंश असतो. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1861 साली तीन रंगांची युक्ती दाखवली, ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम या रंगीत फोटोच्या प्लेटमध्ये बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण आले, पुढे फिल्ममध्ये तीन रंगांचे थर आले. सगळीकडे तीन रंगांच्या मिश्रणातून डोळ्याला बाकीचे रंग भासवायचे. लिपमानच्या प्लेटमध्ये रंगाचा एक थेंब नाही. आहे ती फक्त चांदी आणि जिलेटिन.

मग रंग येतो कुठून? प्लेटचा काचेचा भाग लेन्सकडे, इमल्शन (प्रकाश टिपणारा जिलेटिनचा थर) मागे, आणि इमल्शनला चिकटून पारा. प्रकाश काचेतून, इमल्शनमधून आत जातो, पाऱ्याच्या आरशावर आपटून उलटा फिरतो. जाणारा आणि येणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला खिळ्याला बांधून दुसऱ्या टोकाने हलवून बघा. एका ठरावीक वेगाला काही जागा फुगतात आणि काही जागा हलतच नाहीत. प्रकाशाच्याही अशा स्थिर लाटा तयार होतात. जिथे लाट फुगते तिथे इमल्शनवर प्रकाशाचा परिणाम होतो, जिथे ती थांबलेली असते तिथे होत नाही. डेव्हलप केल्यावर चांदीचे एकावर एक थर उरतात. दोन थरांतलं अंतर त्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे लाटेच्या दोन शिखरांमधल्या अंतराच्या, निम्मं. साधारण 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश जिलेटिनमध्ये शिरला की त्याची तरंगलांबी दीडपटीने कमी होते, म्हणजे थरांतलं अंतर सव्वादोनशे नॅनोमीटरच्याही आत. निळ्याचं त्याहून कमी. इमल्शनमधले कण या अंतराहून कितीतरी बारीक हवेत, नाहीतर थर उमटणारच नाहीत. त्या काळच्या साध्या प्लेटींवर हे जमलं नसतं.

पांढऱ्या उजेडात ही प्लेट धरली की थर ज्या रंगाने पडले तोच रंग जोराने परत फेकतात. भौतिकशास्त्रात याला व्यतिकरण म्हणतात. फेब्रुवारी 1891 मध्ये लिपमानने हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. पुढच्या वर्षी दाखवलेल्या चित्रांत रंगीत काचांची खिडकी, झेंडे, संत्री आणि पोपट होता.

आता ‘फसवणूक’ म्हणजे काय ते सांगा. मी साडीला हिरवा रंग लावत होते, तेव्हा त्या साडीवरून आलेल्या प्रकाशाचा त्या रंगाशी काही संबंध नव्हता. लिपमानच्या प्लेटमध्ये संत्र्यावरून आलेल्या प्रकाशाने स्वतःची मापं चांदीत कोरून ठेवली आहेत. प्लेट तिरकी केली की रंग नाहीसा होतो, कारण हे थर आरशासारखे वागतात आणि आरसा प्रकाश एकाच दिशेला परत देतो. प्लेटवर तोंडाची वाफ सोडली तर जिलेटिन फुगतं, थर एकमेकांपासून लांब जातात आणि रंग लालाकडे सरकतो; वाळलं की परत येतो. मोराच्या पिसाचा निळा-हिरवाही असाच आतल्या रचनेतून येतो आणि पीस फिरवलं की बदलतो. त्याला कुणी फसवणूक म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

युरोपातल्या एका संग्रहालयात मी लिपमान पद्धतीची एक प्लेट स्वतः पाहिली आहे. तळहाताएवढी काच, मागून काळी केलेली, समोर पाचरीसारखा काचेचा तुकडा चिकटवलेला, म्हणजे वरच्या पृष्ठभागाची चमक आड येणार नाही. आधी दिसली ती मातकट, बारीक निगेटिव्हसारखी. मी गुडघे वाकवले, अर्धं पाऊल डावीकडे सरकले, आणि फुलदाणीतली फुलं एकदम पेटल्यासारखी लाल झाली. शेजारच्या बाई दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, कारण माझ्या तोंडून मोठ्याने “आई गं” निघालं होतं. तुम्ही अशी प्लेट पाहिली आहे का? प्रतिक्रियेवरून तसं वाटत नाही.

आणि टिकण्याबद्दल म्हणाल तर आमच्या घरातलं उदाहरण देते. थोरल्या बहिणीचं लग्न 1978 चं. तेव्हाचे रंगीत प्रिंट अल्बममध्ये बंद होते, ऊन लागलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांत सगळे लालसर पडले. पैठणीचा हिरवा गेला. आईने हातात फोटो धरून विचारलं, “ही कुठली साडी गं नेसलीये ही?” लिपमानच्या प्लेटींत उडून जाणारं रंगद्रव्यच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यांतले रंग आजही पाहता येतात.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. पद्धत बाजारात चालली नाही, हे मीच लेखात लिहिलं होतं. उजेड मिनिटंच्या मिनिटं द्यावा लागे, प्रत काढता येत नसे, पाहायला ठरावीक कोन लागे. लेख नीट वाचला असतात तर दिसलं असतं. नोबेल वाया गेलं म्हणता, तर ऑटोक्रोम 1907 मध्येच विक्रीला आली होती आणि नोबेल त्याच्या पुढच्या वर्षी दिलं गेलं. ते व्यतिकरणावर आधारलेल्या पद्धतीला दिलं होतं, दुकानातल्या खपाला नव्हे. लोझानच्या अभ्यासात परत येणारा वर्णपट, म्हणजे कुठला रंग किती प्रमाणात आहे ते, मूळ प्रकाशाशी हुबेहूब जुळत नाही असं दिसलं, खरं आहे. पण त्याच संशोधकांनी गणिताने मूळ वर्णपट शोधून काढायची रीतही दिली. ते तुम्ही सांगितलं नाहीत. का, ते तुम्हाला ठाऊक.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ‘अडाणीपणा’सकट तशीच ठेवली आहे. पुन्हा लिहाल तेव्हा खाली नाव लिहा, मी माझं लिहितेच.