पृथ्वी कुठेही चाललेली नाही

आज इंदुरात एका शाळेच्या प्रदर्शनात दहावीच्या पोराला पहिलं बक्षीस मिळालं आणि माझं डोकं फिरलं. पोरावर नाही, परीक्षकांवर. स्क्रीनवर पृथ्वी सूर्याभोवती फिरतेय आणि दर फेरीला लांब सरकतेय. पोरगं म्हणतं, "काका, पृथ्वी दूर चाललीय, कॉम्प्युटरनं काढलंय." आणि परीक्षक माना डोलावतात! पोह्यांवर जिरावण भुरभुरावं तसे रंग टाकले की झालं का खरं?

अहो, हिशोबाची पायरी एक दिवसाची आणि पद्धत गणितज्ञ ऑयलरची, सगळ्यात साधी. जुन्या वेगानं पृथ्वी सरकवायची, जुन्याच जागेवरच्या बलानं वेग बदलायचा. दर पायरीला पृथ्वी स्पर्शरेषेवर घसरते आणि थोडी ऊर्जा फुकटात पदरात पडते. ३६५ पायऱ्यांत कक्षा पंधरा-वीस टक्के फुगते. पायरी अर्धी केली असती तर फुगवटाही जवळपास अर्धा झाला असता, चोरी तिथेच सापडली असती. एकूण ऊर्जेचा आलेख दाखव, एवढं तरी कुणी विचारायचं!

आपल्या हैदराबादचे अनीसुर रहमान आठवले. सैद्धांतिक भौतिकीचा माणूस. १९६४ साली अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत त्यांनी द्रवरूप आर्गॉनच असा पायरीपायरीनं संगणकात चालवला (नावाचा निव्वळ योगायोग). ८६४ अणू, तापमान ९४.४ केल्विन, पायरी दहा फेम्टोसेकंदांची (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). उत्तर आल्यावर ते प्रयोगाशेजारी ठेवलं. विसरणाचा, म्हणजे अणू किती भरभर पसरतात त्याचा, आकडा १५ टक्के कमी निघाला, तर तेही पेपरच्या सारांशातच छापलं. बक्षीस द्यायचं तर ह्याला द्या.

बरं, आर्गॉन सोपा, हे कबूल. अणू गोल, दोघादोघांतलं बल धरलं की भागतं. पाण्याचे रेणू दिशा बघून एकमेकांना धरतात. १९७१ मध्ये रहमाननी फ्रँक स्टिलिंजर ह्या शास्त्रज्ञाबरोबर पाणी केलं तेव्हा रेणू २१६च घेतले होते. आणि परीक्षकांनाही दिवसभरात ढीगभर टेबलं बघायची असतात. असोत.

पण त्या पोरानं कोड स्वतः लिहिलाय हो, कुठून उचललेला नाही. माझा राग तिथेच विरतो.

बेटा, वाचत असशील तर त्या दोन ओळींची अदलाबदल कर. आधी वेग, मग त्या नव्या वेगानं जागा. कक्षा जराशी डुलेल, फुगणार नाही. ऊर्जेचा आलेख शेजारी लाव. बक्षीस मात्र परत करू नकोस.