आधी हौदा भरा, मग मायलेज सांगा

आज दुपारपासून डोकं फिरलंय माझं, जेवण पण नीट गेलं नाही, म्हणून आता लिहूनच टाकते. पोस्ट मोठी होणार आहे. ज्यांच्या घरी पिकअप आहे किंवा ज्यांना घ्यायची आहे त्यांनी तरी वाचा.

झालं असं की दुपारी मिरकरवाड्याला, रत्नागिरीच्या मासळी जेट्टीवर, आमचे ड्रायव्हर चाचा पिकअप धूत होते. कोल्हापूरला मासळी टाकून आल्यावर रोज धुतात, मासळीचं पाणी आणि मीठ हौद्यात राहिलं तर पत्रा खाऊन टाकतं ना. मी तिथेच हिशोब करत उभी होते. तेवढ्यात आमच्या ओळखीतला एक पोरगा आला, त्याला पण पिकअप घ्यायची आहे, हेच मॉडेल. मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, मावशी हा व्हिडिओ बघ, ह्या माणसाला लिटरला सतरा किलोमीटर देते, तुझी किती देते? मी म्हटलं बारा. तर पटकन म्हणतो, "मग तुझा ड्रायव्हर डिझेल खातोय बघ."

चाचा चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं. पाईप हातात तसाच राहिला, पाणी नुसतं एकाच टायरवर पडत राहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, धुवायला लागले, काही बोलले नाहीत.

मी त्या पोराला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण घरी आल्यावर मला राग त्याचा नाही, माझाच जास्त यायला लागला, कारण हेच वाक्य मी सहा महिन्यांपूर्वी चाचांना बोलले होते. जवळजवळ हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी आम्ही दसऱ्याला घेतली. आधीची बाबांची होती, २०११ ची, पाटे (खालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटून तुटून आणि चेसिस गंजून शेवटी भंगारात गेली. चाचा बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत, मी शाळेत होते तेव्हापासून. मला अजून "बाय" म्हणतात. तर शोरूममध्ये त्या सेल्सवाल्याने सांगितलं होतं, मॅडम सतरा कुठे गेलं नाही, हायवेला अठरा पण काढतात लोक. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, उगाच खाली ही चांगली का ती चांगली सुरू होईल आणि मूळ विषय राहील बाजूला. सगळीकडे तेच सांगतात.

मी त्या सतरावर अख्खं गणित मांडलं होतं. रत्नागिरी ते कोल्हापूर एकशेतीस किलोमीटर, जाऊन येऊन दोनशे साठ, म्हणजे पंधरा-सव्वापंधरा लिटर. महिन्याला पंचवीस फेऱ्या. ह्याच्यावर हप्ता बसवला, चाचांचा पगार बसवला, पोराची फी बसवली. पहिल्या महिन्याचं पंपाचं बिल आलं तर फेरीमागे बावीस लिटरच्या आसपास! साडेसहा लिटर जास्त, डिझेल नव्वदच्या वर, करा हिशोब, फेरीला सहाशे रुपये, महिन्याला पंधरा हजार. मला रात्रभर झोप नाही. आणि सकाळी मी चाचांना म्हटलं, "चाचा, डिझेल कुठे जातंय जरा बघा."

एवढंच म्हटलं. पण त्याचा अर्थ काय होतो ते त्यांनाही कळलं आणि मलाही.

त्यांनी खिशातून चावी काढली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाय, उद्या तू चल माझ्याबरोबर." आवाज पण चढवला नाही.

मी गेले. आणि त्या एका रात्रीत मला जे कळलं ते मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नाही.

संध्याकाळी होड्या लागल्या, लिलाव झाला, बर्फ फोडून क्रेट भरले. बांगडा होता आणि थोडी सुरमई. मासळीचं वजन आपण धरतो, बर्फाचं कोण धरतं? बर्फ, क्रेट, हौद्यात साचणारं पाणी, सगळं धरून दीड टनाच्या वर माल. एक वाजता निघालो. पंपावर चाचांनी टाकी फुल्ल केली, नोझल खटकन बंद पडली तिथेच थांबवायला लावली, वर एक थेंब नाही, आणि मला म्हणाले मीटरचा फोटो काढ. मी काढला. तेव्हाच माझा चेहरा पडला होता.

हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा. चौपदरीकरणाचं काम कुठे झालंय कुठे नाही, मिऱ्या-नागपूर रस्त्याने जे जातात त्यांना मी वेगळं काय सांगू. डायव्हर्जन आलं की दुसरा गिअर, परत तिसरा, परत दुसरा. आणि मग आंबा घाट. घाटाच्या पायथ्याशी चाचांनी गाडी दुसऱ्यावर घेतली ती वर आंब्यापर्यंत दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा, वळणाला पहिला. समुद्राच्या काठावरून दीड टन माल आणि गाडीचं स्वतःचं वजन उचलून दोन हजार फूट वर न्यायचं, ते काय फुकट होणार आहे? इंजिनचा आवाज ऐकूनच कळत होतं डिझेल कुठे जातंय ते. मी विचारलं होतं ना कुठे जातंय. हे असं जात होतं, माझ्या डोळ्यासमोर.

गायमुखाजवळ चाचांनी दोन मिनिटं गाडी थांबवली, टायरला हात लावून बघितला, ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेऊन बघितला. म्हणाले, नवी गाडी आहे, अजून हिची सवय कळली पाहिजे. मी तिच्याकडे हप्ता म्हणून बघत होते आणि हा माणूस तिची सवय शोधत होता.

पहाटे पाचला कोल्हापूर. माल उतरला. येताना रिकामी. त्याच पंपावर, त्याच नोझलने परत फुल्ल. एकवीस लिटर आणि सातशे मिली. भागा दोनशे साठला. बारा.

समोरच्या स्क्रीनवर काय दाखवत होती माहितीये? साडेतेरा. म्हणजे गाडीचा स्वतःचा मीटर पण दीडने गोड बोलतो. म्हणून सांगते, स्क्रीनवर जाऊ नका, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हाच हिशोब, तोही एका फेरीचा नाही, निदान पाच-सहा फेऱ्यांचा. नंतर आम्ही जाताना-येताना वेगळं पण मोजलं, कोल्हापूरला परत फुल्ल करून. भरलेली जाताना दहा, रिकामी येताना पंधरा. रिकामी येताना पण उतार असून पंधरा! तो सतरावाला कुठल्या रस्त्यावर चालवतो देव जाणे. त्या पोराचा व्हिडिओ मी आज घरी येऊन पूर्ण बघितला. हौदा रिकामा, सपाट रस्ता, गाडी साठवर धरलेली, बाजूला मित्र बसलाय. अरे पिकअप कोणी मित्राला फिरवायला घेतं का? फाळका उघडून दाखवतो काय, टाळ्या काय, आणि हौद्यात एक क्रेट नाही! त्याच्यावर विश्वास ठेवून कोणीतरी दागिने गहाण ठेवून डाऊन पेमेंट भरतं रे.

हो, कंपनीची चाचणी, गाडी रोलरवर जागच्या जागी चालवून करतात ती, सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायला असते, दोन गाड्यांची तुलना करायला ठीक आहे, मान्य. पण रोलरवर आंबा घाट नसतो. सेल्सवाल्याला हे माहीत असतं, त्याने एक वाक्य सांगावं ना, ताई भरल्यावर दहा-अकरा धरा म्हणून. मी गाडी घेतलीच असती. हप्ता थोडा लांबवला असता, फी वेगळी ठेवली असती. एका वाक्याने माझी झोप वाचली असती आणि एका म्हाताऱ्या माणसाने ओट्यावर चावी ठेवली नसती.

आणि ड्रायव्हर डिझेल काढतात का? काढतात काही, मी नाही म्हणत नाही. पण ते मोजून ठरवा. व्हिडिओवरून नाही.

आता गाडीबद्दल पण लिहिते, नाहीतर सगळे म्हणतील नुसती रडते. चाळीस हजार किलोमीटर होऊन गेले सात महिन्यांत. गाडी वाईट नाहीये. स्टेअरिंग हलकं आहे, जुन्या गाडीत चाचांचे खांदे दुखायचे ते बंद झालं. घाटात माल भरून दम तोडत नाही, जुनी दोनदा गरम व्हायची. क्लच अजून पहिलाच. रिकामी असली की मागून उडते, पाटे कडक आहेत, डायव्हर्जनला डोकं टपाला लागतं, ते सगळ्याच पिकअपचं आहे. बीएस सिक्सची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, भानगड वेगळी, ते डीपीएफ म्हणतात ना, सायलेन्सरमध्ये काजळी अडवतात आणि मग गाडी ती तापवून जाळते. जेट्टी ते बर्फाचा कारखाना, बर्फाचा कारखाना ते जेट्टी एवढंच तीन दिवस फिरली की लाईट पेटते. लांब पळवली की जाते. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत हे लक्षात ठेवायला लागेल, गाडी नुसती उभी करून चालणार नाही, काहीतरी भाडं बघायला लागेल घाटावरचं.

आणि मासळीवाल्यांनो, गाडी आणल्या आणल्या हौद्यात जाड शीट मारून घ्या आणि खालून चेसिसला कोटिंग करा, पासिंगच्या आधीच. आम्ही महिनाभर थांबलो तर फाळक्याच्या बिजागरीला तांबूस डाग आलाच. मीठ काय नवी-जुनी बघत नाही.

मायलेज कसं वाढलं ते पण सांगते, कारण वाढलं. चाचांनीच वाढवलं. मागच्या टायरची हवा मालाप्रमाणे, जेट्टीवर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद, आणि भरलेली गाडी सपाटीला पण साठच्या वर नाही. साडेबारा येते आता, थंडीत एकदा तेरा आली. लिटरला अर्धा किलोमीटर म्हणजे काय असतं ते पंचवीस फेऱ्या करणाऱ्याला विचारा. ज्या माणसावर मी संशय घेतला त्याने माझे महिन्याला दोन हजार वाचवले.

त्या रात्रीनंतर मी माफी मागितली होती. म्हणजे मी म्हटलं, चाचा माझं चुकलं. ते म्हणाले, "बाय, तुझ्या बापाने पण पहिल्या गाडीला असंच विचारलं होतं." आणि हसले. मला वाटलं विषय संपला. आज तो पाईप हातात तसाच राहिलेला बघितला तेव्हा कळलं की नाही संपला. चोवीस वर्षं रोज रात्री घाट चढणाऱ्या माणसाला कोणीही पोरगा येऊन मोबाईल दाखवून चोर म्हणतो आणि त्याने खाली मान घालून फाळका धुवायचा. का? मी तिथे होते म्हणून मी बोलले. मी नसते तर?

संध्याकाळी लोडिंगच्या वेळी मी सगळ्यांसमोर, मुद्दाम मोठ्याने, वही काढली आणि सात महिन्यांचा डिझेलचा हिशोब वाचून दाखवला. चाचा म्हणाले, कशाला बाय, राहू दे. पण ऐकत उभे राहिले शेवटपर्यंत.

आणि बाळा, तू ही पोस्ट वाचणार आहेस मला माहीत आहे. तुझ्यावर राग नाही धरलेला, तुझं वय आहे आणि तुला गाडी घ्यायचीच आहे तर घे. पण आधी मंगळवारी रात्री ये. केबिनमध्ये एक जागा रिकामी असते. एक वाजता पंपावर, टाकी फुल्ल करताना तू स्वतः उतरून मीटरचा फोटो काढ. स्वेटर आण, आंब्याला अजून पहाटे गार असतं. आणि गाडीत बसायच्या आधी चाचांशी बोलून घे.