काल किती जण आले?

मामांच्या मंगल कार्यालयाची वेबसाइट मी सांभाळतो. मोजकी एचटीएमएल पानं : हॉलचे फोटो, पार्किंग, रिकाम्या तारखा. रोज सकाळी मामांचा फोन ठरलेला. "काय रे, काल किती जण आले?"

लॉग, म्हणजे सर्व्हरवरची आल्यागेल्याची नोंदवही, उघडला तर शेकड्यांनी. मामा खूश! पण आलेले मागतात काय? एकाला डब्ल्यूपी-लॉगिन, म्हणजे वर्डप्रेसवर बनवलेल्या साइटचं लॉगिनचं पान हवंय. अहो, आमच्याकडे वर्डप्रेस नाही. दुसऱ्याला डेटाबेस सांभाळायचं पीएचपीमायअ‍ॅडमिन. तिसरा थेट तिजोरीलाच हात घालतो : डॉट ईएनव्ही, म्हणजे पासवर्ड ठेवतात ती फाइल. हॉलचं भाडं कोणीच विचारत नाही.

यांना पत्ता दिला कोणी? तर सर्टिफिकेटने. एचटीटीपीएससाठी, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करायला, सर्टिफिकेट काढलं की त्याची नोंद जगजाहीर यादीत होते, आणि बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, त्या यादीवर डोळा ठेवून असतात. पत्रिका छापून यायच्या आधीच आगंतुक पंगतीला हजर.

काही तर जुने नेमाने येणारे. ब्राउझरचं नाव लिहायच्या जागी डॉलर, महिरपी कंस आणि 'जेएनडीआय' असलं काहीतरी लिहून जातात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत भगदाड सापडलं होतं. अशी ओळ नुसती लॉगमध्ये पडली, तरी सर्व्हर हल्लेखोराकडून कोड आणून चालवू शकायचा. आमच्या सर्व्हरवर जावा औषधालाही नाही. तरी येतात बिचारे.

त्यांचे आयपी, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, अडवून पाहिले. फेलटूबॅन नावाचं राखणदार सॉफ्टवेअर इमानाने एकेकाला हाकलायचं, तोवर तोच प्रश्न घेऊन दुसरा पत्ता दारात. शेवटी एनजिनएक्सचं, म्हणजे पानं पुरवणाऱ्या आमच्या वेब सर्व्हरचं, ४४४ लावलं. हा एचटीटीपीचा अधिकृत कोड नव्हे, एनजिनएक्सचा घरगुती अबोला : उत्तर न देता जोडणी तोडायची. मला हा प्रकार फार आवडतो. पण गंमत अशी, की अबोला धरल्याचीही लॉगमध्ये ओळ पडतेच! म्हणून एनजिनएक्सच्या 'मॅप' या यादीत या नगांचे नमुने लिहिले आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या फाइलीत वळवल्या. पुसल्या नाहीत, उद्या खरंच काही घडलं तर शोधायचं कुठे?

आता मुख्य लॉग एका नजरेत वाचून होतो. मामा, गुगलचा बॉट, पुन्हा मामा. आणि ४०४च्या, म्हणजे 'पान सापडलं नाही'च्या, काही ओळी, ज्या एरवी त्या गर्दीत कधी दिसल्याच नसत्या. कोणीतरी मोबाइलवरून 'जेवणाचे दर' हे पान पुन्हा पुन्हा उघडत होतं. मेनूत दुवा आहे, पान नाही, कारण मामांनी दर दिलेलेच नाहीत.

मी फोन लावला. "मामा, खरं गिऱ्हाईक आहे. दर द्या."

"वेड लागलंय का तुला? तो पलीकडचा हॉलवाला असणार. तोच बसलाय माझ्या दरांवर टपून! तुझं ते चारशे चव्वेचाळीस आहे ना, ते आधी त्याला लाव."