माळावरची वाळूमिश्रित जमीन ‘मेलेली’ नाही

एक मजकूर सध्या या हातातून त्या हातात फिरतो आहे. “कमी पावसाच्या माळरानावरची वाळूमिश्रित जमीन म्हणजे मेलेली जमीन. पाणी धरत नाही, कस नाही, खाली पांढरा थर लागला की संपलंच. वरचं गवत म्हणजे नुसता रिकामपणा. जमीन खोल नांगरून काढा, गाळ टाका, नाहीतर निदान झाडं तरी लावा.” वाचताना पटतं, कारण त्यात अर्धवट खऱ्या गोष्टी आहेत. पण या मजकुराच्या भरवशावर कुणी नांगर घातला, तर झालेलं नुकसान एका पिढीत भरून येणार नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी ही जमीन कोणती ते नक्की करू. ती म्हणजे वाळूमिश्रित पोयटा. पोयटा म्हणजे वाळू, बारीक माती आणि चिकणमाती यांची मिसळ; वाळूमिश्रित पोयट्यात वाळू साधारण निम्म्याहून जास्त असते आणि चिकणमाती 20 टक्क्यांच्या आत. मूठभर माती ओली करून दाबा, गोळा होतो. तोच गोळा अंगठा आणि बोटात दाबत पट्टी काढायला जा, अडीच सेंटिमीटर व्हायच्या आतच तुटते. चोळताना कण बोटांना टोचतात. निव्वळ रेतीचा असा गोळाच वळत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने या दोन्ही जमिनी एकाच मापाने मोजल्या आहेत.

“पाणी धरत नाही.” सगळ्यात जास्त पटणारं वाक्य हेच, आणि सगळ्यात जास्त दिशाभूल करणारंही हेच. वाळूमिश्रित पोयटा एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण 100 ते 140 मिलिमीटर पाणी धरतो. चांगला पोयटा याहून जास्त धरतो, हे मान्य. पण उंचावरच्या माळाला भूजल हाताशी नसतं. वरून पडेल तेवढंच पाणी, तेही थोडं थोडं. तिथे जमीन जास्तीत जास्त किती पाणी साठवू शकते याला फारसा अर्थ नाही. पडलेलं पाणी किती खोल जातं आणि उन्हापासून किती वाचतं, हे बघायला हवं.

हिशोब सोपा आहे. सुकलेल्या वाळूमिश्रित पोयट्याचा एक सेंटिमीटर थर भिजवायला दीडेक मिलिमीटर पाणी लागतं, भारी चिकण जमिनीला अडीचेक. म्हणजे 25 मिलिमीटरचा एक चांगला पाऊस पहिल्या जमिनीत 16-17 सेंटिमीटरपर्यंत उतरतो आणि दुसरीत 10 सेंटिमीटरवरच थांबतो. ऊन-वाऱ्याने ओल उडते ती मुख्यतः वरच्या 10 सेंटिमीटरमधून. भारी जमिनीत अख्खा पाऊस त्याच पट्ट्यात अडकलेला असतो, वाळूमिश्रित जमिनीत त्याचा काही भाग खाली निसटून मुळांच्या हवाली झालेला असतो. ज्या झिरपण्याला मजकुरात दोष म्हटलंय, त्याच झिरपण्यावर हे गवत जगतं.

शिवाय अशा भागात पाऊस सरींनी कोसळतो. वाळूमिश्रित पोयटा तासाला 20 ते 30 मिलिमीटर पाणी आत घेऊ शकतो, चिकण जमीन 1 ते 5. उरलेलं पाणी उतारावरून वाहून जातं. चिकण जमीन पाणी घट्टही धरून बसते. तिच्यात 25 टक्क्यांच्या वर ओल असतानाही झाड सुकायला लागतं, वाळूमिश्रित पोयट्यात ते 8 टक्क्यांच्या आसपास ओल उरेपर्यंत तग धरतं.

हा नुसता कागदी हिशोब नाही. ओस्वाल्डो साला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ प्रदेशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे वर्षाला 370 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल, तर कमी पाणी धरणाऱ्या हलक्या जमिनीवर गवत जास्त वाढतं, असं आढळलं. पाऊस त्याहून वाढला की भारी जमीन पुढे जाते. 370 हा आकडा प्रत्येक प्रदेशात जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण पाऊस विचारात न घेता जमिनीला हलकी किंवा भारी, चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही, एवढं यातून स्पष्ट होतं.

“कस नाही.” चिकणमाती कमी म्हणून अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद कमी, सेंद्रिय पदार्थही थोडे. हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. अशा जमिनीत खत द्यायचंच असेल तर एकदम न ओतता थोडं थोडं द्यावं लागतं. पण कस नाही म्हणणारे फक्त जमिनीच्या वर बघतात. गवताळ माळावर जिवंत भाराचा, म्हणजे वनस्पतींच्या एकूण वजनाचा, मोठा वाटा मुळांच्या रूपात जमिनीखाली असतो. ती मुळं दरवर्षी थोडी मरतात, कुजतात, नवी येतात. वरून चार बोटं गवत दिसतं म्हणून खाली काही नाही असं समजणं चूक आहे.

“पांढरा थर लागला की संपलंच.” एक खड्डा खणून बघा. वर वीतभर तपकिरी, मोकळी माती. त्याखाली बऱ्याचदा तांबूस, जरा चिकट थर. वरची बारीक माती पाण्याबरोबर उतरून इथे साचलेली असते, आणि झिरपलेली ओलही इथेच थोपते. त्याच्याही खाली पांढरे ठिपके, मऊ गाठी. त्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसतं. ही चुनखडी. पावसाचं पाणी वरचा चुना विरघळवून खाली नेतं आणि ते पाणी जिथे संपतं तिथे चुना बसतो. कमी पाऊस असेल तर थर वर, जास्त असेल तर खाली. म्हणजे हा थर शेकडो-हजारो वर्षांच्या पावसाने लिहून ठेवलेली स्वतःची खोली आहे! मला तर असा खड्डा दिसला की आधी तीच वाचावीशी वाटते. थर भुसभुशीत असेल तर मुळं त्यातून जातात. दगडासारखा बांधला गेला असेल तर मात्र अडतात, आणि चुना जास्त असला की लोह, जस्त, स्फुरद पिकाला नीट मिळत नाही. खोली आणि कठीणपणा न बघता निकाल देणं चुकीचं आहे.

“खोल नांगरून काढा.” इथे मला राग येतो. या जमिनीची खरी दुखरी जागा तिचा पृष्ठभाग आहे, आणि तो गवताने बांधलेला आहे. बांधणी तुटली की वारा सुटायचा अवकाश, मिलिमीटरच्या दहाव्या ते निम्म्या भागाइतके वाळूचे कण उड्या मारत सुटतात. प्रत्येक उडी खालच्या बारीक कणांना मोकळं करते, आणि ते धूळ होऊन दूर जातात. नेमकं तेच बारीक द्रव्य, ज्यात ओल आणि कस असतो. मागे राहते जाड वाळू. अमेरिकेच्या मोठ्या मैदानांवर 1930 च्या दशकात गवत मोडून नांगरलेल्या जमिनीवर दुष्काळ आला आणि हेच झालं. 14 एप्रिल 1935 च्या धुळीच्या वादळाला तिथे ‘काळा रविवार’ म्हणतात. त्याच महिन्याच्या अखेरीस मृदासंधारणाचा कायदा झाला. मेलेली जमीन बघायची असेल तर ती अशी तयार होते, माणसाच्या हाताने.

गाळाचं थोडक्यात सांगतो. निव्वळ वाळूच्या शेतात, नीट मिसळून टाकलेला गाळ कामाचा आहे. माळावर नुसता पसरला तर त्याची पापडी धरते आणि आत मुरणारं पाणी वरच अडतं.

राहिली झाडं. झाडं वाईट असं कोण म्हणेल? पण ती खोलवरचं पाणी ओढतात आणि वर्षभर ओढतात. रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा गवताळ आणि झुडपी जमिनींवर झाडांची लागवड केलेल्या ठिकाणी ओढ्यांचा प्रवाह सरासरी 52 टक्क्यांनी घटलेला दिसला. माळावर झाडं आपणहून कुठे उभी असतात ते बघा: ओघळीच्या काठाला, खडकाच्या फटीत. तिथे आजूबाजूचं जादाचं पाणी गोळा होतं. बाकीच्या माळाच्या वाट्याला पडेल तेवढाच पाऊस येतो, आणि तो गवताला पुरतो.