सात फूट दोन इंच आणि आपली जीभ

आज दुपारी वेंगुर्ल्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत जे ऐकले ते संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. आमच्या नात्यातला, अकरावीत शिकणारा, सव्वासहा फूट उंचीचा आणि बास्केटबॉल खेळणारा एक मुलगा जेवायला बसला होता. समोरच्या एका गृहस्थांनी मोबाइलवर सतनाम सिंगची चित्रफीत लावली. तीत तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात कुणाला तरी उचलून आपटत होता. तो मोबाइल मुलाच्या तोंडापुढे धरून ते म्हणाले, "बघ हां, शेवटाक तुजापण ह्याच होतला." सगळी पंगत हसली. मुलगाही हसला, कारण सतरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत दुसरे काय करता येते?

हसणाऱ्यांपैकी किती जणांना सतनाम सिंग कोण हे ठाऊक होते, हे मी विचारले नाही. समारंभ दुसऱ्याचा होता. इथे मात्र सांगतो.

पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यात बल्लो के नावाचे खेडे आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी 1995 मध्ये हा मुलगा जन्मला. वडीलही असेच विलक्षण उंच. पोरगा वयाच्या मानाने भलताच वाढतो आहे हे पाहून त्यांनी त्याला लहानपणीच लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत पाठवले. तिथून 2010 मध्ये, चौदा वर्षांचा असताना, शिष्यवृत्तीवर तो थेट फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या आयएमजी अकादमीत गेला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. आपल्याकडे मुलगा शिकायला कोल्हापूरला निघाला तरी आई सुके बांगडे, कोकम आणि भाजणी बांधून देते आणि एसटी सुटल्यावर आठवडाभर तिला जेवण जात नाही. त्या पोराच्या आईने काय बांधून दिले असेल आणि विमानतळावरच्या तपासणीत त्यातले काय उरले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

25 जून 2015 रोजी एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगमधल्या, डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. जगभरातल्या तरुण खेळाडूंमधून वर्षाला दोन फेऱ्यांत साठ नावे घेतली जातात आणि त्या यादीत आलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. (कॅनडात जन्मलेला सिम भुल्लर त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनबीएच्याच सॅक्रामेंटो संघाकडून प्रत्यक्ष सामन्यात उतरला होता, हे मला माहीत आहे. कुणी तरी येऊन सांगणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.) एनबीएच्या तीस संघांत प्रत्येकी पंधरा नियमित जागा असतात, म्हणजे साऱ्या पृथ्वीवर साडेचारशे. आपल्या पंगतीतल्या एकाने तरी आयुष्यात अशा कोणत्या यादीच्या जवळपास जाऊन दाखवावे.

पुढे तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही, हे खरे आहे. तो त्या दर्जासाठी पायाने मंद होता, हेही खरे आहे. पण त्या वर्षी त्या खेळात काय चालले होते तेही पाहावे. गोल्डन स्टेट संघ एनबीएच्या अंतिम मालिकेत एक-दोन असा मागे पडला होता. चौथ्या सामन्यात त्यांनी आपला सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी, अँड्र्यू बोगट सुरुवातीच्या पाचांतून काढला, सहा फूट सहा इंचांच्या आंद्रे इगुदालाला उतरवले आणि तो सामना व त्यापुढचे दोन्ही जिंकून 16 जूनला विजेतेपद घेतले. चपळ आणि लांबून नेम साधणाऱ्या खेळाडूंचा जमाना आला हे साऱ्या जगाला त्या मालिकेने दाखवले आणि बरोबर नऊ दिवसांनी हा, बास्केटखाली उभे राहण्यासाठी पाच वर्षे घडवलेला मुलगा निवडला गेला. ज्या उंचीसाठी त्याला घरातून उचलून नेले, तिचाच भाव उतरायला लागला होता. हा त्याचा दोष म्हणायचा का?

इथे मला आमच्या आतेभावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. सहा फूट तीन इंच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो तालुक्याच्या गावी सिमेंटच्या उघड्या कोर्टवर खेळायचा. आपल्या किनाऱ्यावर उघड्या कोर्टचे काय होते हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की आठ दिवसांत शेवाळ धरते आणि ते दसऱ्यापर्यंत हटत नाही, तर खाऱ्या वाऱ्याने रिंग इतकी गंजते की चेंडू लागला की तांबडा चुरा डोळ्यांत पडतो. गणपतीच्या सुट्टीत उघडीप मिळाली की दादा खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन एकटा ते कोर्ट घासत बसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस. पुन्हा शेवाळ.

सतनामकडे वळतो. ड्राफ्टनंतर तो टेक्सासमध्येच फ्रिस्कोला, डॅलसच्या दुय्यम संघात, दोन हंगाम होता आणि मैदानावर त्याला थोडीच मिनिटे मिळाली. त्या दुय्यम लीगमध्ये तेव्हा एका हंगामाचा पगार 13 ते 25 हजार डॉलर असे. एनबीए म्हटले की आपल्या लोकांना फक्त कोट्यवधी दिसतात. मुख्य संघ आणि दुय्यम संघ यांच्यामध्ये ठेवणारे दुहेरी करार 2017 मध्ये आले, तोवर त्याचे तिथले दिवस संपले होते. मग तो भारतात आला. इथे काय होते? युबीए नावाची एक लीग निघाली आणि काही हंगामांत बंद पडली. पाच-पाच खेळाडूंची नवी लीग सुरू व्हायला 2022 उजाडावे लागले. मध्यंतरी तो कॅनडातही एक हंगाम खेळून आला. खालची पायरी लुधियानात आणि वरची थेट डॅलसमध्ये, मधल्या साऱ्या पायऱ्या गायब, अशा शिडीवरून पोरगा पडला तर खाली उभे राहून टाळ्या पिटणाऱ्यांना काय म्हणावे, हे मी इथे लिहीत नाही, कारण या भिंतीवर माझ्या मावश्याही आहेत.

डोपिंगचे म्हणाल, तर हो, बंदी आली. 2019 मध्ये घेतलेल्या चाचणीत हायजेनामाइन हे बंदी असलेले द्रव्य सापडले आणि दोन वर्षे गेली. नियम तो नियम, कबूल. पण हे द्रव्य काही वनस्पतींतही असते आणि व्यायामशाळेत विकल्या जाणाऱ्या पूरक भुकट्यांतही सापडते. आपल्या तालुक्यातल्या व्यायामशाळांत पोरे ज्या डब्यांतली भुकटी दुधात घालून पितात, त्या डब्यांवर काय छापले आहे हे त्यांच्यापैकी कुणी वाचले आहे का?

आणि कुस्ती? ती ठरवून केलेली असते, मान्य. बंदीच्या काळात, पंचविशीत, सात फूट दोन इंचांच्या देहाला दुसरे कोणते काम मिळाले असते, ते मला त्या गृहस्थांनी सांगावे. त्याने स्वतःच्या अंगाच्या बळावर नवी नोकरी मिळवली. आपल्याकडे एमए झालेला मुलगा बापाच्या ओळखीने चिकटतो, तेव्हा आपण पेढे वाटतो.

दादाला मुंबईच्या एका बँकेच्या संघाची निवडचाचणी देण्याची संधी आली होती. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. रातराणीने, गुडघे छातीशी घेऊन, तो मुंबईला उतरला आणि ओळखीच्या एकाने सरावासाठी नागपाड्याला नेले. भारताचे कर्णधार आणि 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर ज्या मोहल्ल्यातले, तो हा नागपाडा. तिथली त्याच्याहून बुटकी पोरे दिव्याखाली रोज रात्री खेळत होती आणि त्यांच्या हातून चेंडू काढणे त्याला जमेना. तो म्हणायचा, "तेंका बारा म्हयने मिळतत, माका सात." चाचणीत त्याला सांगितले की मुलगा चांगला आहे, पण यंदा जागा नाही, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी आतोबांनी आंब्याच्या हंगामासाठी घरी ठेवून घेतले. आज तो हार्डवेअरचे दुकान चालवतो आणि घरातल्या प्रत्येक कार्यात कुणी तरी म्हणतेच, "उंची फुकट गेली."

हे ऐकले की मला संताप येतो. उंची फुकट गेली नाही. कोर्टवर पत्रा घालायला तेव्हाही कुणाकडे पैसे नव्हते आणि आज त्याच गावात तीन मंगल कार्यालये आहेत.

कुणी म्हणेल, सगळ्यांनाच कशाला व्यावसायिक व्हायचे आहे, नोकरी मिळाली म्हणजे झाले. तेही चुकीचे नाही. केरळची गीथू अॅना जोस दक्षिण रेल्वेत नोकरीला होती आणि त्याच पायावर ती ऑस्ट्रेलियात खेळून आली, 2011 मध्ये अमेरिकेतल्या महिला लीगच्या संघांपुढे चाचण्याही दिल्या. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी राज्य आणि राष्ट्रीय पातळीची प्रमाणपत्रे लागतात आणि ती सात महिन्यांच्या सरावात कशी मिळवायची? कबड्डीचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि जी कोकणी पोरे जत्रेतल्या स्पर्धेत भांडी-कुंडी बक्षीस घेऊन घरी यायची, त्यांच्यातली काही लिलावात लाखांच्या बोलीवर गेली. पोरे तीच होती.

सतनामनंतर गुरदासपूर जिल्ह्यातला प्रिन्सपाल सिंग आला. तो दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीतून ऑस्ट्रेलियात आणि तिथून 2020 मध्ये जी लीगच्या, म्हणजे एनबीएच्या त्याच दुय्यम लीगच्या, इग्नाइट नावाच्या संघात गेला. तिथेही खेळायला फार मिळाले नाही, पण 2021 मध्ये सॅक्रामेंटोच्या उन्हाळी लीग जिंकणाऱ्या संघात तो होता. ज्या इग्नाइटमधून तो गेला, तो संघच 2024 मध्ये बंद झाला. म्हणजे अमेरिकेतही या मुलांच्या पायाखालची जमीन पक्की नसते. हे मी त्या पंगतीतल्या मुलापासून लपवणार नाही. त्याने जावे, पण माहिती घेऊन जावे.

आज पंगतीत भात वाढायला दादाच होता. ते बोलणे त्याने ऐकले. त्याने गृहस्थांना विचारले, "भात व्हयो?" आणि मुलाच्या पानात न विचारता दोन वाढपे भात जास्त घातला. संध्याकाळी मात्र त्याचा फोन आला. पुढच्या महिन्यात पुण्यात निवडचाचणी आहे, पोराला चौदा नंबरचे बूट लागतात, ते सावंतवाडीत मिळत नाहीत आणि कोल्हापुरातही मिळाले नाहीत, तेव्हा तुझ्या मुंबईच्या ओळखीत कुणी आहे का. मुंबईतल्या मित्रांनो, हा प्रश्न तुम्हालाही आहे.

त्यानंतर मुलाच्या आईनेही मला फोन केला. पुण्याला निवड झाली तर बारावीचे काय, असे तिने विचारले. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारल्याबद्दल तिला कुणी भित्री म्हणू नये. मी तिला म्हटले, वहिनी, आधी तीन गोष्टी निवड करणाऱ्यांकडून लेखी घ्या. कॉलेज कोणते आणि हजेरीचे कसे, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, आणि पोराच्या पोटात जाणारी भुकटी कोणत्या डॉक्टरने तपासलेली आहे. उत्तरे समाधानकारक असली तर गाडीभाड्याचे आणि पहिल्या वर्षाच्या मेसचे दादा आणि मी बघतो.