निवडलेला की नेमलेला? गोव्यातल्या वेर्ण्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. नाव न देता 'वेर्ण्याचा एक कामगार' अशी सही केलीत, म्हणून तुम्हाला वेर्णेकरबाब म्हणते. राग मानू नका. कॉलेजच्या कारभारात कर्मचाऱ्यांचा निवडून दिलेला प्रतिनिधी हवा, या माझ्या लेखावर तुम्ही जे सुनावलंत ते इतरांसाठी थोडक्यात मांडते: सातवा वेतन आयोग, मे महिन्याची सुट्टी, चवथीची सुट्टी, दिवसाला दोन-तीन तास शिकवणं, आणि वर यांना प्रतिनिधी हवा. कॉलेज म्हणजे कारखाना नव्हे. बोलायचं तर स्टाफ मीटिंग असते. तुमच्या लेखात शिपाई कुठे आहे? आणि मुळात ती खुर्ची तुम्हालाच हवी असणार.

शिपायाचा प्रश्न वर्मी लागला. लेख पुन्हा वाचला. 'कर्मचारी' हा शब्द मी जिथे जिथे वापरला, तिथे तिथे माझ्या डोळ्यांपुढे कायम नोकरीतले प्राध्यापकच होते. लेक्चर बेसिसवर जूनमध्ये येऊन एप्रिलमध्ये घरी जाणारी मुलगी नव्हती, ऑफिसातला एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, नव्हता, कंत्राटदाराने पाठवलेला वॉचमन तर नव्हताच. चूक माझी.

तासांचं एवढंच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत आठवड्याला ४० तासांचं काम धरलंय, त्यात असिस्टंट प्रोफेसरने १६ तास वर्गात शिकवायचं आणि रोज किमान पाच तास कॉलेजात असायचं. दोन तास घेऊन गाडीला किक मारणारे मीही पाहिलेत. त्यांची वकिली मी करत नाही.

पण 'कारखाना नव्हे' हे वाक्य तसंच सोडवत नाही. तुमच्या बाजूचा औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे सरकार मालकाला वर्क्स कमिटी करायला लावू शकतं, आणि तीत कामगारांची माणसं मालकाच्या माणसांपेक्षा कमी असून चालत नाही, हे त्यात तेव्हापासून होतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कमिटी राहिली आहे. आमचं काय? १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात. नोकरी गेली म्हणून ती लढत होती. न्यायालयाने म्हटलं, शाळा हा 'उद्योग' खरा, पण शिकवणारी व्यक्ती त्या कायद्याच्या व्याख्येतली 'कामगार' नव्हे. म्हणजे बाब, कारखाना आहे, पण त्यात मी कामगार नाही! तुम्हाला जी कमिटी कायद्याने मिळू शकते, तीच मी मागितली की मी माजलेली.

स्वायत्त कॉलेजचं नियामक मंडळ घ्या. यूजीसीच्या नियमांत तिथे शिक्षकांना दोन जागा आहेत, पण त्या प्राचार्यांनी ज्येष्ठता पाहून भरायच्या. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडलात की महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने आणलेली महाविद्यालय विकास समिती भेटते. तिच्यात तीन शिक्षक निवडून येतात, त्यांत किमान एक बाई. आणि एक शिक्षकेतर कर्मचारी, तोही निवडून आलेला. ती समिती सगळीकडे नीट चालते असं मी म्हणत नाही. पण तिथला माणूस कोणाच्या मतांवर बसलाय हे त्याला ठाऊक असतं.

याने काय फरक पडतो? मी आधी ज्या कॉलेजात होते तिथली गोष्ट सांगते. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर हजेरीच्या मशीनवर अंगठा, एक जरी अंगठा चुकला तरी अर्धी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, कापणार, असं सर्क्युलर निघालं. ठरवणाऱ्या समितीत आमचे दोन प्राध्यापक होते, दोघेही वरून नेमलेले, दोघेही भले गृहस्थ. आमचा एक शिपाई वाळपईहून कदंबच्या बसने यायचा. सगळ्यांच्या आधी पोचून गेट तोच उघडायचा, मशीनचं बटणही तोच दाबायचा. पण परीक्षेचे कागद घेऊन त्याला ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, पाठवायचे. तिथे रांग, मग पणजी स्टँड, मग बस. परत कॉलेजात येईपर्यंत कुलूप. संध्याकाळचा अंगठा नाही. तीन महिन्यांत त्याच्या साडेचार सीएल गेल्या, कॉलेजच्याच कामासाठी. स्टाफ मीटिंगमध्ये बोला म्हणता ना? मीटिंगमध्ये तो होता. चहा देत होता.

पुढे बऱ्याच कटकटीनंतर शिक्षकेतरांनी आपला एक माणूस मतं देऊन पाठवला, लायब्ररीतला अटेंडंट. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, बाहेर जाणाऱ्यांसाठी एक मूव्हमेंट रजिस्टर ठेवा, हेडक्लार्कनी सही करावी, त्या दिवशीचा अंगठा माफ. पाच मिनिटं लागली. आमच्या दोघा प्राध्यापकांना हे सुचलं नाही, कारण त्यांना फाइल घेऊन कोणी कधी ताळगावला पाठवलंच नव्हतं.

शिपायाला हे लिहून देता आलं नसतं का, असं तुम्ही विचाराल. दिलं होतं. अर्ज गेला, 'नोटेड' असा शेरा पडला, फाइलला लागला. अर्जाला कोणी उलट विचारत नाही आणि अर्जही कोणाला उलट विचारू शकत नाही. समोर बसलेला माणूस विचारतो.

राहिला खुर्चीचा मुद्दा. हो, शिक्षकांच्या जागेसाठी मी एकदा उभी राहिले होते. नऊ मतं पडली, त्यातलं एक माझंच. निवडून आल्या त्या गणिताच्या बाई. बैठकीत फारसं बोलत नाहीत, पण आदल्या दिवशी विषयपत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये टेबलाटेबलावर फिरतात आणि पेन्सिलने प्रत्येकाचं म्हणणं समासात लिहून घेतात. परवा मी त्यांना तुमची प्रतिक्रिया दाखवली. वाचून म्हणाल्या, "शिपायाचं त्यांनी बरोबर पकडलंय हां," आणि लेक्चर बेसिसवाल्यांच्या पगाराचा विषय पुढच्या पत्रिकेत टाकून दिला.